सव्वा इंचाचा जोड

आमच्या घरी बंदूक आहे, असे मी सांगितले की माणसे प्रथम माझ्या चष्म्याकडे पाहतात, मग माझ्या दंडाकडे पाहतात आणि शेवटी हसतात. त्यांचा काही दोष नाही. वीस वर्षे बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकविणारा आणि घरात उंदराचा सापळा लावतानासुद्धा बोटे सांभाळणारा मनुष्य बंदूक बाळगतो, यावर कोणाचा विश्वास बसावा? आमच्या सौभाग्यवतींचा तर अजूनही बसलेला नाही. वडील वारल्यावर पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक वारसाहक्काच्या परवान्याने मी घरी आणली, तेव्हा ती दारातच म्हणाली, "अहो, घरात मिक्सर ठेवायला ओट्यावर जागा नाही आणि तुम्ही बंदूक घेऊन आलात!"

मी तिला शांतपणे सांगितले की ही केवळ बंदूक नव्हे. ही आजोबांची बंदूक आहे.

त्यावर ती काही बोलली नाही. कारण आमच्या घरात आजोबांची बंदूक म्हणजे काय, हे तिला लग्नाच्या आठव्या दिवशीच कळले होते. वडिलांनी तिला समोर बसवून ती हकीगत सांगितली होती. मेहकर तालुक्यातले आमचे गाव, गावालगतचे नाल्याकाठचे शेत, पहाटेची वेळ आणि आजोबांवर झेपावलेला बिबट्या. दोन्ही बार फुकट गेलेले. मग आजोबांनी नळ्या दोन्ही हातांनी धरून बंदूक गरगर फिरविली आणि दस्ता बिबट्याच्या टाळक्यात हाणला. बिबट्या गतप्राण आणि दस्ता दुभंग! हे सांगताना वडील उठून उभे राहत. दस्त्याच्या मानेवरच्या पितळी पट्टीवर बोट टेकवीत आणि म्हणत, "ही बघा त्याची खूण." घरच्या प्रत्येक सुनेने, प्रत्येक जावयाने आणि प्रत्येक नातवंडाने त्या पट्टीला एकदा तरी हात लावलेला आहे. शाळेत असताना मीसुद्धा या बिबट्याच्या जोरावर दोन मारामाऱ्या न लढताच जिंकलो आहे.

तेव्हा वाचकहो, ती बंदूक घरात आली ती बंदूक म्हणून नव्हे, पुरावा म्हणून आली.

पण पुराव्याची अवस्था मोठी केविलवाणी होती. नळ्यांवर गंज चढलेला, दस्ता काळवंडलेला, पट्टीचे स्क्रू डुगडुगत असलेले. पुण्याचा माझा पुतण्या येऊन पाहून गेला आणि त्याने फर्मावले, "काका, नवा अक्रोडाचा दस्ता बसवून घ्या. काचेच्या कपाटात काय दिसेल!" आमच्या चिरंजीवांनाही ती कल्पना पसंत पडली. मलाही पटली, हे कबूल केले पाहिजे. जुने लाकूड टाकून नवे घालावे, पितळी पट्टी तेवढी स्मारक म्हणून वेगळी ठेवावी, असे ठरले. गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी आम्ही अकोल्याला खरेदीसाठी निघालो, तेव्हा परवान्याची वही आणि खोळीत घातलेली बंदूक बरोबर घेतली. आठवड्याच्या यादीत 'साड्या, आकाशकंदील, सुकामेवा' यांच्याखाली सौभाग्यवतींनी 'बंदूक' असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते.

अकोल्याला एका परवानाधारक दुकानात एक वृद्ध कारागीर बसतात. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मीही म्हणालो, "चाचा, याला नवा दस्ता बसवायचा आहे."

चाचांनी उत्तर दिले नाही. त्यांनी आधी बंदूक मोडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. मग नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धरल्या, नळ्यांच्या तळाची अक्षरे भिंगातून पाहिली आणि ते भिंग माझ्या हाती दिले. "सर, तुम्ही शिकलेले लोक. वाचा."

तिथे इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल' अशी अक्षरे ठोकलेली होती. ही नळी तोंडाशी किंचित आवळलेली आहे, तिच्यातून छर्रे उडवावेत, सबंध गोळी उडवू नये, अशी ती ताकीद. विलायतेत ही मोहोर १८७५ ते १८८७ या काळातच उमटवीत असत. शेजारी बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे मुकुटाचे शिक्के होते. १८१३ साली स्थापन झालेले हे परीक्षागृह प्रत्येक नळीत जादा दारू ठासून ती उडवून पाही आणि टिकलेल्या नळीवरच शिक्का मारी. म्हणजे आमच्या पुराव्याचे वय निदान एकशे अडतीस वर्षांचे. आजोबांच्याही आधीचे; पणजोबांच्या हातचे.

आणि ते जुळत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. ज्या रुळांवरून आमच्याकडच्या कापसाच्या गाठी मुंबईकडे गेल्या, त्याच रुळांवरून विलायती घड्याळे, हंड्याझुंबरे आणि बंदुका इकडे आल्या. पणजोबांनी चार गाड्या कापूस विकून बंदूक घेतली, एवढे घरात सांगत असत. त्या कथेत बिबट्या नसल्यामुळे ती कोणी फारशी ऐकत नसे.

"बारा बोअर आहे," चाचा म्हणाले. बारा बोअर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसते, ती बारा बोअरची नळी. आकडा लहान तितकी नळी मोठी. आमच्या परीक्षेतल्या गुणांसारखे सरळ गणित नव्हे हे!

मी पुन्हा नव्या दस्त्याचा विषय काढला. चाचा म्हणाले, "नवा बनवतो. अक्रोडाचं लाकूड काश्मीरचं मागवू. पण सर, आधी जुना तर पाहून घ्या. याच्यावर तीन लोकांचे हात आहेत."

तीन लोकांचे हात! मी चमकलो. कारण हे वाक्य माझ्या धंद्यातले होते. जुनी पोथी हाती आली की आम्ही हेच करतो. मूळ हात कोणाचा, नंतर कोणी काय खोडले, कोणी काय घुसडले, समासातली टीप केव्हा संहितेत शिरली, हे पाहतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते वर्गात शिकविताना मी दरवर्षी मोठ्या तावातावाने सांगतो की जुन्या ग्रंथाला हात लावण्याआधी त्याला कोणाकोणाचे हात लागले ते ओळखावे. आणि मीच एक सबंध पोथी न वाचता रद्दीत घालायला निघालो होतो.

मी स्टूल ओढून बसलो. सौभाग्यवती साड्यांच्या दुकानात जायची होती, तीही बसली.

चाचांनी लोखंडाचे स्क्रू सोडवले आणि दस्ता सुटा करून टेबलावर ठेवला. पहिला हात बर्मिंगहॅमचा. लाकूड अक्रोडाचे, तपकिरी, आतून काळसर रेघा धावलेल्या. बंदुकीला अक्रोडच का, तर ते फार जड नाही, धक्का खाऊन चटकन फुटत नाही आणि ऊनपावसात सहसा वाकत नाही. चाचांनी दस्ता माझ्या डोळ्यांसमोर आडवा धरला. तो सरळ नव्हता! उजवीकडे किंचित झुकलेला होता. "हा ऐब नाही. मुद्दाम आहे. उजव्या खांद्याला लावला की डोळा आपोआप नळीच्या मधोमध येतो. डावखुऱ्याचा डावीकडे झुकवतात." मुठीच्या जागी चौकटींची बारीक जाळी कोरलेली होती, पण चार पिढ्यांच्या तळव्यांनी ती झिजून गुळगुळीत झाली होती.

दुसरा हात मानेवरच्या दुरुस्तीचा. चाचांनी पितळी पट्टी उचलली. आमच्या कुटुंबाचे ते ज्योतिर्लिंग असे सहज पेचकसाने उचकटलेले पाहून मला कसेसेच झाले. पट्टीखाली लाकडावर आडव्या काळपट वळ्या उमटलेल्या होत्या. पट्टीच्या आधी तिथे ओल्या कच्च्या चामड्याची वादी गुंडाळलेली असणार. चामडे वाळताना आकसते आणि तडा असा आवळून धरते की शिकंजाच. खेड्यातल्या माणसाला यापेक्षा चांगला उपाय हाती नव्हता. पट्टी नंतरची.

"आणि तडा?" मी विचारले. माझा आवाज जरा जास्तच सहज होता.

चाचांनी दस्त्याचे पुढचे टोक माझ्यापुढे केले. जिथे लाकूड लोखंडाला भिडते तिथे ते कोळशासारखे काळे झाले होते. त्यांनी नखाने खरवडले, तर नख आत गेले. "तेल. पन्नास, शंभर वर्षांचं तेल. तुमच्याकडे बंदूक उभी ठेवत असतील, नळ्या वर करून."

होय, तशीच ठेवत. देवघराच्या कोपऱ्यात, नळ्या वर. दर दसऱ्याला तिला आंघोळ घालावी तसे तेल चोपडत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत, आपट्याची पाने ठेवीत. ते तेल नळ्यांवरून ओघळून वर्षभर दस्त्याच्या तोंडाशी मुरत राही. तेलाने लाकूड मऊ पडते. मऊ लाकडाशी लोखंड घट्ट बसत नाही. मग प्रत्येक बाराला ते मागे सरकून लाकडावर हातोडीसारखे आदळते आणि एक दिवस नेमके मानेपाशी, जिथे दस्ता सर्वांत चिंचोळा असतो, तिथे तडा जातो. चाचांनी तड्यावरून बोट फिरविले. तो पुढून, त्या काळ्या डागातून निघाला होता आणि लाकडाच्या रेघेरेघेने मागे गेला होता.

"कशावर हाणला असता तर?"

"मग असा नाही फुटत. मान आडवी मोडली असती, झटक्यात. हा आतल्या धक्क्यानं गेला आहे, सर. बार मोठा झाला असेल."

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. ती मोठ्या समंजसपणाने आकाशकंदिलांची यादी पाहत होती. ज्या भक्तीने आम्ही दसऱ्याला तेल चोपडले, त्या भक्तीने दस्ता खाल्ला होता. बिबट्याच्या टाळक्याने नव्हे. मनात आले, आता एवढ्यावरच थांबावे. पण तिसरा हात राहिला होता.

खांद्याला टेकतो तिथला शेवटचा सव्वा इंच वेगळ्याच लाकडाचा होता. मी जन्मभर ही बंदूक पाहिली, पण तो जोड कधी पाहिला नव्हता; रंग देऊन तो इतका मिसळला होता. भिंगाखाली मात्र अक्रोडाच्या रेघा एका ओळीत येऊन थांबल्या आणि पलीकडे सागवानाच्या सरळ, फिकट रेघा सुरू झाल्या. चाचांनी टेप लावली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत सव्वाचौदा इंच. बहुतेक पुरुषांना साडेचौदाच्या आसपास लागते. मग त्यांनी टोकाचे दोन लांब स्क्रू काढले आणि सागवानाचा तुकडा अलगद निघून आला. सरसाचा थेंबही लावलेला नव्हता.

उरलेला दस्ता तेरा इंचांचा.

"कापला आहे," चाचा म्हणाले. "आणि कापून तसाच वापरला आहे, बरीच वर्षं. कडा पाहा." कापलेल्या टोकाच्या कडा मुद्दाम गोल केलेल्या आणि वापराने गुळगुळीत झालेल्या होत्या. जोड द्यायचा म्हणूनच कापला असता तर कडा धारदार राहिल्या असत्या. टोकावर चार कोपऱ्यांत चार बारीक चुका ठोकलेल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यांखाली कापडाचे धागे अडकलेले होते. रंग उडालेला; एका धाग्यात मात्र अजून किंचित किरमिजी छटा होती. तिथे काही तरी मऊ बसविलेले होते. कापसाची उशी असावी. वऱ्हाडात आणखी काय असणार!

"कोणा लहान चणीच्या माणसासाठी कापली," चाचा म्हणाले आणि इकडेतिकडे पाहून एकदम म्हणाले, "बाई, जरा उभ्या राहता?"

त्यांनी लोखंड पुन्हा दस्त्याला जोडले, नळ्या न लावता. सौभाग्यवतींना उजवा हात कोपरात वाकवायला सांगितला. दस्त्याचे टोक कोपराच्या खळग्यात टेकवले आणि म्हणाले, "बोट चापाला लावा." मापाची ही जुनी, कामचलाऊ पद्धत. तिचे बोट चापावर बरोबर आले. मग त्यांनी सागवानाचा तुकडा मध्ये धरला. आता बोट चापापर्यंत पोचेना.

आमच्या सौभाग्यवतींची उंची चार फूट दहा इंच आहे. सासरी आल्या दिवसापासून सगळ्या बायका तिला एकच गोष्ट सांगत आल्या आहेत: "अगदी आपल्या मोठ्या आईच्या चणीची आहे गं!" मोठी आई म्हणजे माझी आजी.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. साड्यांचे दुकान त्या दिवशी राहूनच गेले.

आजोबा १९४६ साली विषमज्वराने गेले. आजी तेव्हा चौतिसाची, माझे वडील सात वर्षांचे, आत्या बारा वर्षांची. मला आजी आठवते ती पांढऱ्या लुगड्यातली, जपमाळ ओढणारी, अंगणातल्या चिमण्यांना दाणे टाकणारी. वडील बिबट्याची हकीगत सांगू लागले की ती उठून स्वयंपाकघरात जाई. आम्हांला वाटे, तिला नवऱ्याची आठवण असह्य होते.

अकोल्याहून परत आल्यावर पुढच्याच रविवारी मी मेहकरला आत्याकडे गेलो. आत्याने नव्वदी ओलांडली आहे. कान गेले आहेत, डोळे चांगले आहेत आणि जीभ तर फारच चांगली आहे. मी सागवानाचा तो सुटा तुकडा तेवढा बरोबर नेला होता. तो तिच्या हातात दिला आणि विचारले, "आत्या, आजोबांनी बिबट्या मारला होता का गं?"

आत्याने तुकडा उलटासुलटा केला. मग खुदकन हसली. "कायचा बिबट रे बाबू! तुह्या आजानं बिबट पायला असन त चित्रात."

आणि मग तिने सांगितले. आजोबा गेल्यावर परवाना धाकट्या चुलत्यांच्या नावाने झाला. "पन काका राहे मेहकरले. रातच्याले डुकरं का मेहकरले जात होते?" ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे आणि रोही एका रात्रीत वावर झोपवीत. जागलीला ठेवलेला गडी रात्री झोपे. शिवाय दिवस कठीण होते. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला निजामाची हद्द होती, आणि १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होईपर्यंत सीमेवरची गावे रात्री धड झोपत नसत. घरात पुरुष नाही, दोन लेकरे, आणि वर्षाचे धान्य उभे. तेव्हा आजीने गावच्या सुताराला बोलावून दस्ता आपल्या मापाचा करून घेतला. टोकाला आपल्या जुन्या लुगड्याची, कापूस भरलेली उशी ठोकून घेतली. "मायच जाये जागलीले. मी कंदील घेऊन संगं. तुहा बाप मचानाखाली बाजेवर झोपला राहे."

ती मारत नसे, आत्या म्हणाली. हवेत बार काढी. डुकरे पळत. पण रझाकारी सरली त्याच साली एका रात्री दोन्ही घोडे एकदम पडले, दोन्ही बार एकदम उडाले आणि आजी मचाणावर उताणी पडली. खांदा महिनाभर काळानिळा होता. आणि दस्त्याला तडा गेला.

"सकाळी तुह्या बापानं इचारलं, आई, हे कशानं तुटलं? आता परवाना काकाच्या नावाचा. पोराच्या तोंडून गावात गेलं त काकाले ताप. माय म्हने, जुनाच तडा हाये रे, तुह्या बाबानं बिबट्याच्या टाळक्यात हानला होता. पोरगं नऊ वर्साचं. बाप त्याले नीट आठवे बी ना. असं खूश झालं म्हनतो! गावभर सांगत सुटलं. मंग काय, तेच खरं झालं."

"आणि तू?"

"मायनं मले शपथ घातली होती. बाबूले सांगू नको. त्याले बाप पायजे." आत्याने डोळ्यांना पदर लावला. "मी नाही सांगतलं. तुहा बाप गेला तरी नाही सांगतलं."

मी काही वेळ गप्प राहिलो. कारण मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगावी की नाही, हे मला कळत नव्हते.

चाचांनी तो सागवानाचा तुकडा काढल्यावर आतल्या बाजूने मला दाखविला होता. वडील वयात आल्यावर, १९६० च्या सुमारास, त्यांनी तो बसवून घेतला. हे घरात सर्वांना माहीत असायला हवे होते, पण कोणाच्या बोलण्यात कधी आले नाही. असा जोड देताना कोणताही सुतार आधी काय करतो? जुन्या चुका उपटतो, कापड काढून टाकतो, टोकावर रंधा मारतो, सरस लावतो आणि मग नवा तुकडा बसवतो. इथे तसे काहीच केलेले नव्हते. जुने टोक जसेच्या तसे होते, आणि नव्या तुकड्याला आतून चार उथळ खळगे कोरलेले होते. त्या चार चुका आणि ते धागे चेपले जाऊ नयेत म्हणून. चाचा म्हणाले होते, "हे सुतारानं स्वतःच्या मनानं नाही केलं. कोणी तरी शेजारी उभं राहून सांगितलं आहे की ते तसंच राहू दे."

मी आत्याला ते खळगे दाखविले. समजावून सांगावे लागले नाही. तिने एकेका खळग्यात करंगळी घालून पाहिली. एक, दोन, तीन, चार. मग किती तरी वेळाने म्हणाली, "म्हंजे बाबूले ठावं होतं."

आईने मुलाला वाटावे म्हणून एक बिबट्या रचला. बहिणीने भावाला दुखवू नये म्हणून सत्तर वर्षे तोंड मिटून ठेवले. आणि भावाला विशीतच सारे समजले होते. त्याने ते चार खळग्यांत जपून वरून दोन स्क्रू आवळले आणि जन्मभर उभा राहून, हातवारे करून बिबट्याचीच हकीगत सांगितली. आधी काकांसाठी, मग आईसाठी आणि मला वाटते, शेवटी सवयीने आणि प्रेमाने. तिघांनी एकाच घरात एकच गुपित एकमेकांपासून लपविले.

आता त्या बंदुकीला काम उरलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले. बुलढाण्याच्या कडेला १९९७ पासून ज्ञानगंगा अभयारण्य आहे, आणि २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओचा पट्टा घालून तेराशे किलोमीटर चालत तिथे येऊन पोचला, तेव्हा सबंध जिल्ह्याने त्याचे जावयासारखे कौतुक केले. चाचांनीही निक्षून सांगितले आहे की ह्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या काडतुसाचा जोर त्यांना सोसणार नाही. बार कधीही काढू नका. पण जुनी झाली तरी ती कायद्याने बंदूकच. तेव्हा परवान्याची वही सांभाळणे आणि निवडणूक आली की हुकूम होताच ठाण्यात जमा करणे, एवढे तिचे माझ्याकडून चाकरी करून घेणे चालू आहे.

नवा दस्ता मी बसविला नाही. तो बसवला असता तर ते काळवंडलेले लाकूड कोणाच्या तरी बंबात गेले असते, आणि त्याबरोबर आजीची ती सर्व वर्षेही गेली असती; कारण ती दुसऱ्या कोठेही लिहिलेली नाहीत. परवान्यावर तिचे नाव नव्हते, सातबारावर उशिरा आले आणि बिबट्याच्या कथेत तर तिला जागाच नव्हती. तिचे मी चाचांकडून फार थोडे करून घेतले. मुरलेले तेल खडूच्या पुडीने पुन्हा पुन्हा टिपून काढले. पट्टीचे स्क्रू घट्ट केले. आणि सागवानाचा तुकडा होता तिथे, होता तसा, सरस न लावता बसवला. बसविण्याआधी मी एका कागदाच्या चिठोऱ्यावर चार ओळी लिहून, घडी करून आत ठेवल्या आहेत. पुढे कधी कोणी ते स्क्रू काढील, त्याला निदान मेहकरपर्यंत जावे लागू नये.

पुतण्याला पत्राने सर्व कळविले. त्याचा फोन आला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पट्टी काढून तर नाही ना ठेवलीत?" मी सांगितले, जागेवर आहे.

चिरंजीवांना मी दोन्ही हकीगती सांगितल्या. पहिली वडील सांगत तशीच, उभे राहून. दुसरी बसून. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, मग मी मित्रांना कुठली सांगू?" मी म्हणालो, "तुला आवडेल ती सांग. पण दुसरी विसरू नकोस."

यंदाच्या दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली. तेल लावले नाही. कोरड्या फडक्याने पुसली आणि नळ्या खाली, दस्ता वर अशी उलटी उभी केली. पाहायला आलेले शेजारी म्हणाले, "अहो सर, उलटी ठेवलीत की!" मी उत्तर देण्याआधीच आमच्या सौभाग्यवती पुढे झाल्या. हळदकुंकवाची बोटे त्यांनी नेहमीप्रमाणे पितळी पट्टीला लावली नाहीत. त्या पाटावर उभ्या राहिल्या आणि दस्त्याच्या टोकाला, सागवानाच्या त्या जोडाच्या रेघेवर, दोन बोटे टेकवून म्हणाल्या, "आमच्याकडे अशीच ठेवायची पद्धत आहे."